वैशाखातील कोल्हापूर आणि गंधाची पारख

गुढीपाडवा उलटला की कोल्हापूरचा वास बदलतो. कार्तिकापासून शिवाराशिवारातून दरवळणारा गुऱ्हाळांच्या काहिलींचा गोडसर, किंचित करपट वास ओसरतो. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसविलेल्या शाहूपुरी पेठेने ज्या गुळावर नाव कमावले, त्याच्या ढेपा आता गोदामांत स्थिरावलेल्या असतात. त्यांच्या जागी तापलेली धूळ, माठावर शिंपडलेले पाणी, देवगडच्या हापूसच्या पेट्यांतील गवत आणि तिन्हीसांजेस विकावयास येणारा मोगरा असे नवे वास शहरात शिरतात. दुपारी पारा अडतिसाच्या घरात जातो. चारच्या सुमारास पश्चिमेकडे ढग जमतात. कधी ते नुसतेच गडगडून जातात, तर कधी वळवाचा एक दणका देऊन रस्ते धुऊन काढतात.

महाद्वार रोडवरून सकाळी चालणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही आपण कोठे आहोत हे सांगता येईल. अंबाबाई मंदिराच्या महाद्वाराशी कापूर, कुंकू, ओला नारळ आणि हारांतील झेंडू यांचा मिश्र दरवळ असतो. तेथून गुजरीत वळताच सराफांच्या मागच्या खोल्यांतील तेजाबाचा झणझणीत वास येतो. पापाची तिकटी आणि चप्पल लाईनजवळ बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा उग्र वास नाकाशी येतो, आणि पुष्कळशी जैन मंडळी तेथून पावले जरा भरभर उचलतात. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूस, लक्ष्मीसेन मठात पाऊल टाकले की उगाळलेले चंदन आणि केशर यांचा शांत गंध भेटतो. अर्ध्या तासाच्या पायपिटीत एवढी गंधसंपदा देणारी गावे महाराष्ट्रात फार नसावीत.

याच परिसरातील एका बोळात पूजासाहित्याचे एक जुने दुकान आहे. उदबत्ती, धूप, केशर, कापूर, चंदनाची खोडे, बदामतेल आणि काचेच्या कपाटात अत्तराच्या दहा-बारा कुप्या असा त्याचा व्याप. मालक सत्तरी ओलांडलेले बारा व्रतांचे श्रावक आहेत. पुण्यात रसायनशास्त्र शिकून आलेली त्यांची नात यंदा चैत्राच्या आरंभी एक खोकी घेऊन घरी आली. तिच्यात निरनिराळ्या लहान गंधकारांकडून मागविलेल्या चौदा नमुन्याच्या कुप्या होत्या. अलीकडे देशात ठिकठिकाणी एकेकट्याने किंवा दोघातिघांनी चालविलेले असे छोटे सुगंधी कारखाने निघाले आहेत. ते ऋतूप्रमाणे थोडा थोडा माल काढतात आणि उन्हाळ्यासाठी वेगळे मिश्रण करतात. नातीचे म्हणणे असे की, मोठ्या कंपन्यांचे फवारे तर सगळीकडेच मिळतात, आपल्या कपाटात हा वेगळा माल ठेवावा. आजोबांनी नकार दिला नाही. त्यांनी एवढेच सांगितले, "बाळ, अक्षय्य तृतीयेला मांडायचं असेल तर मांडू. पण आत काय आहे ते कळल्याशिवाय आपल्या दुकानातून कुपी जाणार नाही."

ही अट दिसते तितकी सोपी नव्हती.

प्रथम प्रश्न उन्हाळ्याचा. सुगंध म्हणजे हवेत उडून जाणारे कण, आणि उष्णतेने ते अधिक वेगाने उडतात. लिंबू, संत्रे, पुदिना यांचे तेल हलके असल्याने ते प्रथम नाकाशी येते व अर्ध्या-पाऊण तासात नाहीसे होते. फुलांचे गंध त्यानंतर दोन-तीन तास टिकतात. चंदन, वाळा, राळ यांचे कण जड असल्याने ते संध्याकाळपर्यंत सोबत करतात. जो गंध पौषात उबदार वाटतो तोच वैशाखात डोके उठवितो. उलट जो हिवाळ्यात फिकट भासतो तो घामाच्या दिवसांत नेमका खुलतो. म्हणून उन्हाळी अत्तर माघात दुकानात बसून निवडणे व्यर्थ होय. ते भर उन्हातच पारखले पाहिजे.

नातीने पारखण्याची पद्धत आखून दिली. एका बैठकीस तीनच कुप्या. आधी कागदाच्या पट्टीवर, मग मनगटावर. लावल्याबरोबर मत द्यावयाचे नाही, वीस मिनिटांनी द्यावयाचे व पुन्हा चार तासांनी. नाक थकले तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यावयाचा. घरातील प्रत्येकाने आपापले मत वहीत लिहावयाचे, दुसऱ्याचे वाचावयाचे नाही. एक सावधगिरीही तिने सांगितली. बर्गामोटसारख्या काही लिंबूवर्गी तेलांत असे द्रव्य असते की ते अंगाला लावून उन्हात गेल्यास कातडीवर काळे डाग पडतात, म्हणून असा गंध सुती कपड्यावर, तोही आतल्या बाजूस लावावा. रेशमावर कोणतेच अत्तर थेट लावू नये, डाग जात नाही. लग्नसराईत पैठणीवर अत्तर शिंपडणाऱ्या हौशी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे.

चौदापैकी पाच कुप्या पहिल्याच दिवशी बाजूला निघाल्या, कारण त्या मद्यार्कात बनविलेल्या होत्या. याबाबत घराघरांत मतभेद आहेत. सुगंधातील मद्यार्क पिण्यायोग्य नसतो, तो मुद्दाम कडू व अपेय केलेला असतो आणि क्षणात उडून जातो, असे तरुण मंडळी म्हणतात, आणि ते खोटे नाही. आजोबांचे उत्तर वेगळ्या दिशेने आले. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आणि पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकाने टाळावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत रसवाणिज्य आहे, म्हणजे मद्य, मध, चरबी यांसारख्या पदार्थांचा व्यापार. लावणाऱ्याने काय करावे हे त्याचा तो ठरवील, परंतु आपण विकावे काय, हा प्रश्न दुकानदाराचा आहे. नातीने वाद घातला नाही. त्या पाच कुप्या तिने स्वतःच्या कपाटात ठेवल्या. तेल हाच ज्याचा पाया असे अत्तर आपल्याकडे शतकानुशतके चालत आले आहे, तेव्हा या निर्णयाने दुकानाचे फारसे अडणारही नव्हते.

खरी अडचण त्याच यादीतील दुसऱ्या धंद्याने आणली. दंतवाणिज्य म्हणजे केवळ हस्तिदंताचा व्यापार नव्हे. प्राण्यांचे दात, केस, नखे, हाडे, कातडे अशा सर्व अवयवांचा त्यात समावेश होतो. आणि सुगंधाच्या व्यवसायात हेच पदार्थ शतकानुशतके मानाचे स्थान भूषवीत आले आहेत. कस्तुरी ही हिमालयातील नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालील ग्रंथीतून निघते, आणि ती काढण्यासाठी बहुधा त्याचा जीव घेतला जाई. अंबर हे देवमाशाच्या आतड्यात तयार होते व समुद्रावर तरंगत येते. कोकणच्या किनाऱ्यावर त्याच्या चोरट्या विक्रीची प्रकरणे अधूनमधून वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे दोन्ही प्राणी संरक्षित असून त्यांच्या अशा व्यापारास मज्जाव आहे. तिसरा पदार्थ मात्र पुष्कळांना ठाऊकच नसतो. हिना व शमामा यांसारख्या मसालेदार अत्तरांच्या काही जुन्या कृतींत 'नख' पडते. ते समुद्रातील गोगलगाईच्या शिंपल्याचे झाकण असते, आणि ते भाजून त्याचा धुरकट अर्क काढतात. नावावरून कोणासही ती एखादी वनस्पती वाटावी!

आज बाजारातील जवळजवळ सर्व कस्तुरी ही प्रयोगशाळेतील आहे, ही दिलासा देणारी बाब. तिचा इतिहासही मनोरंजक आहे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाऊर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटक द्रव्यांवर काम करीत असता त्याच्या हाती कस्तुरीसारखा वास असणारे एक द्रव्य अकस्मात लागले. खऱ्या कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्याची रचना १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी उलगडली, आणि पुढे १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. शिवाय आपल्या मातीत लताकस्तुरी आहेच. भेंडीच्या जातीचे हे झुडूप, त्याच्या बिया चोळल्या की मृगाविना कस्तुरीचा वास येतो. आयुर्वेदाला ती पूर्वापार माहीत आहे.

उरलेल्या नऊ कुप्यांच्या कर्त्यांना नातीने एकच पत्र धाडले. घटक कोणते, प्राणिज काही आहे काय, पायाचे तेल कोणते, एवढे तीन प्रश्न. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली असली, तरी घटकांचा उगम हा निराळा प्रश्न आहे. उत्तरे आली ती माणसांप्रमाणेच नाना तऱ्हेची. एकाने दोन पानी सविस्तर पत्र लिहिले. दोघांनी "सर्व काही नैसर्गिक आहे" एवढ्यावर भागविले. कस्तुरीसुद्धा नैसर्गिकच असते, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. 'अंबर' नावाच्या कुपीचा कर्ता तीन स्मरणपत्रांनंतरही गप्प राहिला. ती कुपी परत गेली. हिन्याच्या कर्त्याने प्रामाणिकपणे कळविले की कृती वडिलोपार्जित आहे व तीत नख पडते. तीही परत गेली, पण आजोबांनी त्याला आभाराचे पत्र लिहावयास लावले.

सोनचाफ्याच्या कुपीचा निकाल हिशेबाने लागला. वेष्टनावर लिहिले होते की हा शुद्ध फुलांचा अर्क आहे. गुलाबाचे एक किलो शुद्ध तेल काढावयास सुमारे साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. चाफाही अर्क देण्यात मोठासा उदार नाही. कुपीवरील किंमत पाहता त्यात फुलांचा खर्च तर राहोच, काचेचा आणि टपालाचा खर्च तरी निघत असेल काय, अशी शंका यावी. कृत्रिम गंध असणे हा दोष नव्हे, फुले वाचतात हे खरे तर बरेच झाले. परंतु कृत्रिमाला शुद्ध म्हणणे हे तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांपैकी होय. खऱ्यात खोटे मिसळून विकणे, प्रतिरूपक व्यवहार, असे त्याचे नावच आहे.

राहिल्या सहा: दवणा, वाळा, मृद्गंध, मोगरा, गुलाब आणि लताकस्तुरी.

यांपैकी दवण्याने घरात जी गंमत केली ती सांगितलीच पाहिजे. कोल्हापूरकराला दवणा ओळखावयास शिकवावे लागत नाही. शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेस जोतिबाची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर गुलाबी होतो आणि परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात करड्या-हिरव्या दवण्याची जुडी असते. यात्रेनंतर चार दिवस शहराच्या बसगाड्यांनासुद्धा त्याचा वास येतो. हाच दवणा कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत शेतात पिकवून त्याचे तेल काढतात, आणि ते परदेशच्या सुगंधकारांकडे जाते. त्यातील मुख्य द्रव्याचे नावच दवण्यावरून पडले आहे: डॅव्हॅनोन. या तेलाची ख्याती अशी की प्रत्येकाच्या अंगावर त्याचा वास निराळा होतो.

महावीर जयंतीची मिरवणूक होऊन गेली, आणि त्यानंतरच्या दुपारी ही कुपी उघडली. नातीच्या मनगटावर पिकल्या जर्दाळूसारखा गोड, फळांचा वास उमटला. तिच्या आईच्या हातावर तोच गंध चहाच्या कोरड्या पत्तीसारखा झाला. आजोबांच्या हातावर फारसे काहीच आले नाही. मात्र वीस मिनिटांनी त्यांनी मनगट पुन्हा नाकाशी नेले आणि बराच वेळ तेथेच धरले. लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून ते यात्रेच्या दिवसांत दुकानाच्या उधारीसाठी डोंगराच्या पायथ्याच्या गावांत जात. परतताना वडील एक जुडी विकत घेत व सायकलच्या घंटीला बांधीत. देवाला वाहावयास नव्हे, वासासाठी. ही आठवण घरात कोणी यापूर्वी ऐकली नव्हती. वहीत त्यांनी लिहिले, "ठेवावे."

वाळ्यावर आजींनी आक्षेप घेतला, आणि तो विचारात घेण्याजोगा होता. वाळा म्हणजे मूळ. गवत समूळ उपटल्याशिवाय तो मिळत नाही. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकणारी, दारांवर वाळ्याच्या ताट्या बांधणारी घरे कोल्हापुरात पुष्कळ होती, पण या घरात ते कधी नव्हते. कंदमूळत्यागाचा नियम आहाराचा आहे, आणि वाळा हा काही रसाळ कंद नव्हे, तो तंतूंचा वाळलेला जुडगा होय, असा युक्तिवाद नातीने केला. आजींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "विका की. मी लावणार नाही." असे दोन्ही बाजूंचे समाधान करणारे निकाल न्यायालयांनाही सहसा जमत नाहीत. वाळ्याचा गंध उन्हाळ्यात इतरांहून सरस ठरला हे मात्र वहीत चौघांनीही कबूल केले. सायंकाळी सहाला तोच शिल्लक होता.

मृद्गंधाची कथा कनौजची. उत्तर प्रदेशातील या गावी तळ्याच्या मातीचे भाजलेले तुकडे तांब्याच्या डेगीत घालून पाण्यासह उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे पाण्यात बुडविलेल्या तांब्याच्या घटात जाते, आणि तेथील चंदनतेलात पहिल्या पावसाचा वास मुरतो. इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोघा संशोधकांनी १९६४ मध्ये या वासाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यांनी आपल्या लेखात उत्तर प्रदेशातील या अत्तराचाही उल्लेख केला होता. पृथ्वीकायाची विराधना यात होते काय, असे कोणी विचारलेच, तर माती आधीच भट्टीत भाजून अचित्त झालेली असते, एवढे उत्तर आजोबांनी तयार ठेवले आहे.

पायाच्या तेलाची गोष्ट दुःखाची आहे. चंदनाचे दर आता असे आहेत की बहुतेक कारागीर त्याऐवजी द्रव पॅराफिनचा आधार घेतात. कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून लावणाऱ्यास चंदनाच्या झाडाची मालकी दिली, परंतु आत गाभा धरावयास त्या झाडास दहा-पंधरा वर्षे तरी हवीत. गुलाबाच्या कर्त्याने आपल्या कुपीवर "पाया: पॅराफिन" असे ठळक छापले होते. ते वाचून दुकानात अत्तर पुरविणारे जुने चाचा हसले व म्हणाले, "आण्णा, हे असं कोण लिहितं? गिऱ्हाईक पळेल की." गिऱ्हाईक पळते की टिकते ते या हंगामात कळेल. पत ही ताळेबंदात कोठेच लिहिलेली नसते, तरी सर्व कर्जे तिच्यावरच उभी असतात.

गंध आणि हिशेब यांचे नाते नवीन नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण लिहिले. त्यात सोळा द्रव्यांतून चार चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात हे सांगून, प्रमाणे बदलून होणारे ९६ भेद धरता गंधांची संख्या १,७४,७२० भरते असे गणित मांडले आहे. अशा निवडींची संख्या काढण्याचे सर्वसाधारण सूत्र पुढे नवव्या शतकात दिले ते महावीराचार्यांनी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात लिहिलेल्या गणितसारसंग्रहात. ते जैन होते, हे आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितले जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लासात विलेपनाचा स्वतंत्र भाग लिहिला व कोणत्या ऋतूत कोणती उटी लावावी याचाही विचार केला. कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच घराण्याचे मांडलिक होते. शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिराशी असलेल्या शके १०६५ च्या, म्हणजे इ. स. ११४३ च्या शिलालेखात शिलाहार राजा विजयादित्याने पार्श्वनाथांच्या अष्टविध पूजेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. त्या आठ द्रव्यांत गंध आहे, पुष्प आहे, धूपही आहे. काही परंपरांत आज पुष्पाच्या जागी केशरात रंगविलेले तांदूळ वाहतात. फुलाचा जीव वाचवावा व फुलाचा भाव राखावा, ही खटपट अशी जुनी आहे.

लताकस्तुरीच्या कर्त्याने कुपीवर केवळ 'कस्तुरी' असे छापले होते. पूर्ण नाव छापले तरच माल घेऊ, असे आजोबांनी कळविले. नवी चिकटपत्रे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, रात्री आठ वाजता आली. जुनी भिजवून काढणे आणि नवी डकविणे यात घरातील सर्वांचे दोन तास गेले, आणि आजींचे हात दुसऱ्या दिवसापर्यंत लताकस्तुरीने घमघमत राहिले.

अक्षय्य तृतीयेस सकाळी मंदिरात इक्षुरसाचा वास होता. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर राजा श्रेयांसाच्या हातून उसाचा रस घेतला तो हा दिवस, आणि उसाच्या या जिल्ह्यात त्यासाठी रस शोधीत जावे लागत नाही. वर्षीतपाचे पारणे करणाऱ्यांना रस देऊन मंडळी दुकानात परतली. कपाटाच्या मधल्या फळीवर सहा प्रकारच्या प्रत्येकी बारा कुप्या मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीपुढे घटकांचे हाताने लिहिलेले कार्ड ठेवले. दुपारपर्यंत मोगऱ्याच्या चार व गुलाबाची एक कुपी गेली. पॅराफिनचे अक्षर वाचून एक गिऱ्हाईक खरोखरच परतले.

साडेचारला गुजरीतील एक सराफ मृद्गंध पाहावयास आले. कार्ड त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचले, पट्टी नाकाशी नेली, आणि तेवढ्यात बाहेर पत्र्यावर टपोरे थेंब वाजू लागले. बोळातील माती एकदम उठली. सराफ, आजोबा, नात, समोरचा फुलवाला, सगळेच उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. "आता कुपीचा कोणता आणि खरा कोणता, हे कसं सांगायचं?" सराफांनी विचारले.

"आज नका घेऊ," आजोबा म्हणाले, "उद्या कोरड्यात या."

ते दुसऱ्या दिवशी अकराला आले व दोन घेऊन गेले.